जावातील बाह्य आज्ञा आणि पदच्छेदाचा प्रश्न

मोडी लेखनात शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची प्रथा नव्हती. पद कोठे संपते याचा निर्णय वाचकासच करावा लागे, आणि तो चुकला की अर्थ पालटे. संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न उलट बाजूने उद्भवला. तेथे अंतर होते. परंतु प्रत्येक अंतर म्हणजे पदसीमा नव्हे, याचा विसर पडला. जावा भाषेतील बाह्य आज्ञांचा इतिहास हा बव्हंशी या विसराच्या परिमार्जनाचा इतिहास होय.

जावाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने प्रसिद्ध केली. तीतील ‘रनटाइम’ वर्गाच्या ‘एक्झेक’ या क्रियेने एका प्रोग्रामला दुसरा प्रोग्राम चालविता येई. आज्ञा सलग वाक्याच्या रूपात दिल्यास ही क्रिया केवळ रिकाम्या जागा पाहून तिचे तुकडे करी. अवतरणचिन्हांची ती दखल घेत नसे. समजा, पैठण रस्त्यावरील बिडकीन येथील एका छापील कागदाचे छायाचित्र ‘बिडकीन दप्तर’ या नावाने साठविले आहे, आणि डेस्कटॉपवरील जावा प्रोग्राम ते वाचण्यासाठी टेसरॅक्ट या अक्षरवाचक प्रोग्रामला अशी सलग आज्ञा देतो. टेसरॅक्ट ‘बिडकीन’ हे चित्राचे नाव समजेल आणि ‘दप्तर’ हे फलिताचे. ‘बिडकीन’ नावाचे दुसरे चित्र तेथे असल्यास भलताच कागद वाचला जाईल, आणि ही चूक अभ्यासकाच्या ध्यानातही येणार नाही.

वास्तविक, पदे सुटी करून मालिकेच्या रूपाने देण्याची सोय पहिल्या आवृत्तीतही होती. परंतु सलग वाक्य लिहिणे सुलभ, म्हणून तेच रूढ झाले. २००४ मधील पाचव्या आवृत्तीत आलेल्या ‘प्रोसेसबिल्डर’ने मालिका हेच स्वाभाविक रूप ठरविले. त्यात फलित व त्रुटिसंदेश यांचे प्रवाह एकत्र करण्याचीही सोय झाली. ही सोय क्षुल्लक नव्हे. दोहोंपैकी एखादा प्रवाह कोणी वाचलाच नाही, तर त्याची मर्यादित जागा भरून चाकर प्रोग्राम थांबतो, आणि मालक त्याच्या समाप्तीची वाट पाहत राहतो. अखेर २०२२ मधील अठराव्या आवृत्तीत सलग वाक्याची पद्धती त्याज्य ठरविण्यात आली.

तथापि प्रश्न सर्वस्वी मिटलेला नाही. युनिक्स प्रणालीत पदे सुटीच पोहोचतात. विंडोजमध्ये मात्र ती पुन्हा एका ओळीत जोडली जातात, व त्यांचा विच्छेद स्वीकारणाऱ्या प्रोग्रामकडे सोपविला जातो. पदसीमा बोलणाऱ्याने कितीही स्पष्ट केली, तरी ती ऐकणाऱ्यानेही तशीच ओळखावी लागते, हा भाषाव्यवहाराचा जुना नियम येथेही लागू पडतो.