यकृताच्या पेशींना खिडक्या असतात का?

शरीरातल्या विजेचा इतिहास आपण बहुधा मज्जातंतू आणि स्नायूंचा इतिहास म्हणून वाचतो. गॅल्व्हानींनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेले बेडकाच्या पायांवरचे प्रयोग, बर्नस्टाइन यांचा १९०२ चा पेशीपटलाचा सिद्धान्त, हॉजकिन आणि हक्सली यांचं १९५२ चं गणित. या यादीत यकृत कुठंच येत नाही. ते ना आखडतं, ना ठोके देतं. पण आज आपण याच अबोल अवयवाकडे वळू, कारण त्याच्या विजेनं एक जुना तात्त्विक प्रश्न पुन्हा उभा केला.

लायब्नित्झ म्हणाला होता की विश्व चिदणूंचं बनलेलं आहे आणि या चिदणूंना खिडक्या नाहीत. १८५८ मध्ये फिर्खो यांनी शरीराला पेशींचं राज्य म्हटलं. प्रत्येक पेशी म्हणजे एक नागरिक. मग या नागरिकांच्या घरांना खिडक्या आहेत का?

आधी एका घराची व्यवस्था पाहू. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट जास्त असतं. सोडियम बाहेर जास्त. हा फरक टिकवणारा पंप स्काऊ यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. तो दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. हाच पंप यकृतातही आहे. तिथं पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ३० ते ४० मिलिव्होल्ट ऋण असते, म्हणजे मज्जापेशीच्या जवळपास निम्मी. सोडियमच्या या उताराचाच फायदा घेऊन यकृताची पेशी रक्तातली पित्ताम्लं आत ओढते.

आता शेजाऱ्यांकडे जाऊ. १९६६ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात लोवेनस्टाइन आणि कान्नो यांनी यकृताच्या एका पेशीत बारीक सुई घालून विद्युतप्रवाह सोडला, आणि तो शेजारच्या पेशींतही सहज पोचलेला दिसला. यकृताच्या कर्कगाठींतल्या पेशींत मात्र तसं दिसलं नाही. म्हणून त्यांनी तर्क मांडला: पेशी शेजाऱ्यांशी बोलणं थांबवते, तेव्हा ती बेबंद वाढते.

तर्क देखणा होता. पण १९७० नंतर काही कर्कगाठींमध्येही पेशी एकमेकींशी जोडलेल्या आढळल्या, यकृताच्या गाठीसुद्धा त्यांत होत्या. म्हणजे सरसकट नियम टिकला नाही. जोडणी मात्र खरीच होती. १९६७ मध्ये रेवेल आणि कार्नोव्स्की यांनी उंदराच्या हृदयात आणि यकृतात ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली: षटकोनी मांडणीतल्या बारीक वाटा. पुढे त्या कनेक्झिन नावाच्या प्रथिनाच्या असल्याचं कळलं. त्यांतून आयन आणि लहान रेणू जातात. प्रथिनं जात नाहीत.

याला व्यवहारात काय अर्थ आहे? उंदराच्या यकृतात मज्जातंतू फार थोड्या पेशींपर्यंत पोचतात. साखर सोडण्याचा निरोप पुढं जातो तो पेशीकडून पेशीकडे. १९९६ मध्ये कनेक्झिन ३२ नसलेल्या उंदरांत हा निरोप नीट पसरत नसल्याचं दिसलं. दुसऱ्याच वर्षी अशा उंदरांच्या यकृतात गाठी जास्त होत असल्याचंही नोंदलं गेलं. लोवेनस्टाइन यांचा तर्क असा तीस वर्षांनी अर्धा परत आला.

आणखी एक गोष्ट. एका कीटकाच्या अळीच्या लाळग्रंथींवर काम करताना त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं होतं की पेशी जखमी होऊन तिच्यात कॅल्शियम शिरलं की या वाटा मिटतात, आणि शेजारणी वाचतात.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर असं: खिडक्या आहेत आणि त्यांना झडपाही आहेत. पेशीचं वेगळेपण बंद भिंतीत शोधू नये. काय आत येऊ द्यायचं आणि केव्हा दार लावायचं, या निवडीत ते आहे. माणसांच्या बाबतीत हे कितपत लागू करावं, यावर आता प्रश्नोत्तरांत बोलूच.