अंबरीषाची कथा आणि दहा अवतारांचा वार्षिक खेळ

बार्शी नगरीचें नांव ‘बारस’ म्हणजे द्वादशी या शब्दापासून आलें, असें येथील आबालवृद्ध मानतात. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस हें मत उतरो वा न उतरो, त्याच्या पाठीमागें जी कथा उभी आहे ती या नगरीचा प्राण होय, यांत संशय नाहीं. श्रीभगवंताच्या प्राचीन देवळांतील मूर्तीजवळ राजा अंबरीषास स्थान आहे, आणि पंढरीस एकादशी करून बार्शीस द्वादशीचें पारणें सोडावें, असा वारकऱ्यांचा जुना प्रघात सांगतात. महोत्सवाच्या या पुस्तिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी मंडळींची इच्छा झाली, तेव्हां आम्हीं ही अंबरीषाची कथाच हातीं घेतली. मात्र देवळांतील नव्हे, तर रंगभूमीवरील. ख्रिस्ती धर्मगुरूनें या विषयांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर लेखाच्या उत्तरार्धांत येईल. तूर्त इतकेंच सांगतों कीं, ज्या गांवांत आपण राहतों त्या गांवची गोष्ट ठाऊक नसणें हें कोणत्याहि धर्माच्या माणसास शोभत नाहीं.

भागवताच्या नवव्या स्कंधांत ही कथा आहे. अंबरीष राजानें एकादशीचें व्रत धरिलें. द्वादशीस पारण्याच्या वेळीं दुर्वास ऋषि अतिथि म्हणून आले आणि स्नानास यमुनेवर गेले, ते लवकर परतेनात. द्वादशी सरण्यापूर्वीं पारणें न सोडावें तर व्रतभंग, सोडावें तर अतिथीचा अपमान! राजानें केवळ पाणी प्राशन करून दोहोंतून वाट काढली. दुर्वासांनीं संतापून जटेंतून कृत्या उत्पन्न केली. सुदर्शनानें तिला जाळिलें आणि तें ऋषींच्या पाठीस लागलें. ब्रह्मलोक झाला, कैलास झाला, वैकुंठ झालें. कोठेंहि आश्रय मिळेना. विष्णूनेंहि सांगितलें कीं, मी भक्तांच्या अधीन आहें, तूं अंबरीषाकडेच जा. शेवटीं राजाच्या प्रार्थनेनें ऋषि सुटले, आणि ते परत येईपर्यंत म्हणजे वर्षभर राजा अन्न न घेतां वाट पाहत राहिला होता.

येथपर्यंत भागवत. परंतु महाराष्ट्रानें या कथेस एक जोड दिली, आणि आमच्या मतें तीच तिचें मर्म आहे. दुर्वासांनीं अंबरीषास अनेक योनींत जन्म घेण्याचा शाप दिला, आणि भगवंतानें तो आपल्या अंगावर घेऊन भक्ताऐवजीं स्वतः दहा वेळां गर्भवास सोसला, असें मराठी परंपरा सांगते. भागवताच्या नवव्या स्कंधांत या शापाचा पत्ता नाहीं. दशावतारांची जी आरती महाराष्ट्रांत घरोघर म्हणतात, तिच्या पहिल्याच कडव्यांत अंबरीषासाठीं सोसलेल्या गर्भवासाचा उल्लेख आहे, आणि त्याच कडव्यांत चोरीस गेलेले वेद मत्स्यरूपानें परत आणल्याची गोष्ट आहे. या दोन गोष्टी एका कडव्यांत शेजारीं बसल्या आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पहिली गोष्ट बार्शीनें देवळांत जतन केली. दुसरी कोंकणानें रंगभूमीवर.

कोंकणांतील हा खेळ म्हणजे दशावतार. तळकोंकणांत, म्हणजे सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्लें, मालवण या भागांत, तसेंच गोमंतकाच्या पेडणें महालांत तो आजहि चालतो. कार्तिकांत तुळशीचीं लग्नें आटोपलीं कीं, गांवोगांवच्या ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात, आणि दशावतारी मंडळ्या बाहेर पडतात त्या थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. प्रत्येक जत्रेची तिथि ठरलेली असते, आणि अमुक देवळापुढें अमुक मंडळीनेंच खेळ करावयाचा, असा मानहि पिढ्यान्पिढ्या ठरलेला असतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर या नांवांच्या मंडळ्या तेथें घरोघर ठाऊक आहेत. प्रेक्षक बदलतात, नट बदलतात. तिथि व देऊळ बदलत नाहीं.

खेळाचें साहित्य पाहिलें तर शहरी नाटकवाल्यांस हंसूं येईल. पडदे नाहींत कीं देखावे नाहींत. एक लांकडी बांकडें असतें. तेंच सिंहासन, तेंच रथ, प्रसंगीं तोच पर्वत. मृदंग, झांज आणि पायपेटी एवढाच वाद्यमेळ. लांकडी मुखवटे व पोषाख ज्या पेटाऱ्यांत असतात, त्या पेटाऱ्याची देवासारखी पूजा होते. तोंड रंगविण्याचें काम ज्याचें त्यानें करावयाचें. स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेतात. आणि सर्वांत नवल म्हणजे छापील संहिता नसते. आज कोणतें आख्यान लावावयाचें, कोणी कोणतें पात्र घ्यावयाचें, हें त्याच संध्याकाळीं ठरतें. पुढें पहाटेपर्यंत जीं भाषणें होतात तीं नट उभ्या उभ्या रचतात. ज्या माणसानें पोथ्या ऐकल्या नाहींत, त्यास हें साधणें शक्य नाहीं. दिवसा शेतांत राबणारा मनुष्य रात्रीं इंद्राच्या तोंडीं संस्कृतप्रचुर मराठी घालतो, हा चमत्कार कोणत्याहि शाळेनें घडविलेला नाहीं. ‘रात्रीं राजा, सकाळीं डोक्यावर बोजा’ ही दशावताऱ्यांविषयींची म्हण विनोदी वाटते. परंतु सामानाचें ओझें घेऊन एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पायीं जाणाऱ्या पूर्वींच्या नटांच्या बाबतींत ती अक्षरशः खरी होती.

देवाची पालखी प्रदक्षिणा करून आली कीं, मध्यरात्रीच्या सुमारास खेळास आरंभ होतो. पूर्वभागास ‘आडदशावतार’ म्हणतात. सूत्रधार नमन गातो, ऋद्धिसिद्धींसह गणपति येतो, भटजी पूजा सांगतो आणि लोकांस हंसवितो, मोरावर बसून शारदा येते, मग ब्रह्मदेव. त्यानंतर सर्वांचें, विशेषतः मुलांचें, ज्याच्याकडे डोळे लागलेले असतात तो संकासुर प्रवेश करतो: पायापासून डोक्यापर्यंत काळा वेष, वर उंच निमुळती काळी टोपी, तोंडावर लाल जीभ लोंबणारा बुरखा. हा वेद चोरणारा शंखासुर खरा, पण कोंकणी माणसानें त्याला आपलासा करून टाकिलें आहे. तो शुद्ध मालवणींत बोलतो, सूत्रधाराची फजिती करतो, गांवांतील प्रतिष्ठितांस चिमटे काढतो. शेवटीं विष्णु त्याचा वध करतो, वेद ब्रह्मदेवास परत मिळतात, आणि मग पुराणांतील एखादें आख्यान लागतें तें उजाडेपर्यंत. दहाहि अवतार रंगभूमीवर येतात असें नाहीं. नांव मात्र दशावतार! पहाटे दहीहंडी फोडून दहिकाला होतो, आणि म्हणूनच कित्येक गांवीं या खेळालाच ‘दहिकाला’ म्हणतात.

हा खेळ किती जुना? राजापुराकडील आडिवरें येथील शामजी नाईक काळे यांनीं तो कर्नाटकांतून अठराव्या शतकांत कोंकणांत आणिला, अशी दंतकथा आहे. कर्नाटकांतील यक्षगानाशीं त्याचें नातें उघड दिसतें, तेव्हां ही कथा अगदींच निराधार म्हणवत नाहीं. परंतु समर्थ रामदासांच्या दासबोधांत, म्हणजे सतराव्या शतकांतच, दशावतारी खेळाचा उल्लेख आहे. तेथें येणाऱ्या सुंदर स्त्रिया वस्तुतः धट्टेकट्टे पुरुष असतात, असें समर्थ दृष्टांतादाखल सांगतात. दृष्टांत नेहमीं श्रोत्यांच्या परिचयाच्या वस्तूचा देतात. यावरून काळे यांच्या पूर्वीं महाराष्ट्रांत दशावतारी होते, हें मानावेंच लागतें. फार तर त्यांनीं खेळास नवें वळण दिलें असेल. विद्वानांनीं एखाद्या लोककलेचा एकच जनक शोधीत बसावें, ही खटपट आम्हांस व्यर्थ वाटते.

पुढें सांगलीस कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ झाले, आणि ते पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं आपल्या आश्रयास असलेल्या विष्णुदास भावे यांजकडून इ. स. १८४३ मध्यें ‘सीतास्वयंवर’ करविलें. मराठी नाटकाचा आरंभ तेथून मोजतात, आणि ५ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठीं दरवर्षीं पाळतात. या नाटकांतहि सूत्रधार, विदूषक, गणपति, मोरावरील सरस्वती, मग देव व राक्षस असाच क्रम होता. आप्पासाहेब १८५१ त निवर्तल्यावर राजाश्रय सरला, भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, आणि १८५३ मध्यें मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहांत त्यांनीं तिकिटें लावून खेळ केले. तेथें दोन वाटा फुटल्या. भाव्यांचें नाटक तिकिटाच्या मागें शहरांत गेलें. दशावतार तिथीच्या मागें देवळांत राहिला. (आमच्या बार्शीची अडीच फुटी चिमुकली गाडी १८९७ मध्यें कुर्डुवाडीहून येथवर आली, १९०६ मध्यें तिची दुसरी शाखा पंढरपूरला पोंचली, आणि तीच पुढें १९२७ मध्यें मिरजेस, सांगलीच्या उंबरठ्यावर, जाऊन भिडली. तिचे रूळ आतां रुंद झाले आहेत.)

आतां ख्रिस्ती धर्मगुरूचा येथें संबंध काय, तें सांगतों. मध्ययुगांत युरोपांतील गांवोगांव पवित्र शास्त्रांतील कथांचे असेच वार्षिक खेळ होत. इंग्लंडांतील यॉर्क शहरीं ख्रिस्तशरीराच्या सणास सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचे प्रवेश गाड्यांवर करीत, आणि प्रत्येक प्रवेश एकेका कारागीरसंघाच्या मानाचा असे. नोहाचें तारूं बांधण्याचा प्रवेश जहाजें बांधणाऱ्यांकडे होता! या नाटकांतील हेरोद राजा संकासुराचाच सख्खा भाऊ: तो आरडाओरड करी, आणि लोक भीत भीत हंसत. धर्मक्रांतीच्या लाटेंत हे खेळ बंद पडले. यॉर्कचा शेवटचा खेळ १५६९ त झाला. त्याच इंग्लंडांत ज्याचें बाळपण गेलें तो फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोमंतकांत उतरला. येथें नवख्रिस्ती लोकांच्या कानीं पडणारीं पुराणें बंद झालीं होतीं, आणि त्यांच्या जागीं कांहींच नव्हतें. आमच्यासाठीं असें एखादें पुराण कां नसावें, ही नवख्रिस्ती लोकांची मागणी त्यानें आपल्या ग्रंथांतच नमूद केली आहे. त्या मागणीचें उत्तर म्हणजे १६१६ मध्यें छापलेलें, सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’. गांवाची कथा बंद केली तर गांव मुकें होतें, हें त्या परदेशी पुरुषास कळलें. तें सर्वांस कळलें असें मात्र नाहीं. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानानें गोमंतकांतील ख्रिस्ती घरांतील लग्नगीतांपासून पेहरावापर्यंत कितीतरी गोष्टी निषिद्ध ठरविल्या. आम्ही त्याच धर्मसंस्थेचे सेवक आहों. म्हणूनच ही गोष्ट आम्हीं झांकून ठेवणें योग्य नव्हे.

तरीहि खेळ मेला नाहीं. बार्देशांतील शिवोली गांवीं नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारीं हिंदु व ख्रिस्ती मिळून जागर करतात. मुंबईंतील गोवेकरांनीं १७ एप्रिल १८९२ रोजीं, म्हणजे ईस्टरच्या दिवशीं, पहिलें तियात्र केलें. सणाच्या दिवशीं रंगभूमि हवी, ही भूक त्यांनींहि विसरली नव्हती. बव्हेरियांतील ओबरआमरगाव येथील ग्रामस्थ प्लेगच्या वेळच्या नवसाप्रमाणें १६३४ पासून प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक करीत आले आहेत. हल्लीं तें दर दहा वर्षांनीं होतें. २०२० चा खेळ महामारीमुळें पुढें ढकलून २०२२ मध्यें केला. दुसऱ्याचा शाप आपल्या अंगावर घेणारा देव, ही कल्पना ऐकून ख्रिस्ती मनुष्य क्षणभर थांबतो, हें आम्ही अनुभवानें सांगतों. दोन्ही कथा एकच आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें म्हणणें हा दोन्हींचा अनादर होईल. परंतु शेजाऱ्याच्या कथेंतला हा सूर ज्यास ऐकूं येत नाहीं, त्यास आपल्या कथेंतला तरी किती ऐकूं येतो, अशी शंका मनांत येते.

दशावताराच्या सांप्रतच्या स्थितीविषयीं थोडें लिहून थांबतों. पलित्यांची जागा आधीं गॅसबत्तीनें आणि मग विजेनें घेतली. पायपिटीची जागा मोटारीनें घेतली. हें इष्टच झालें. परंतु शहरांतल्या नाट्यगृहांत अडीच-तीन तासांचा खेळ द्यावयाचा, तर पहिली कात्री आडदशावतारास लागते. यांत्रिक चमत्कारांनीं भरलेल्या आख्यानांना, ज्यांस तेथें ‘ट्रिकसीन’ म्हणतात, गर्दी अधिक होते. त्यांत गणपति-शारदेची घाई होते आणि संकासुर एक तर येतो न येतो, किंवा येतो तो नुसता विदूषक होऊन. नटांस दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांचें वर्षाचें पोट सात-आठ महिन्यांच्या जागरणावर चालतें, आणि प्रेक्षक ज्यास पैसे देईल तें त्यांस करावेंच लागतें. दोष द्यावयाचा तर आमच्यासारख्या शिकलेल्यांस द्यावा. आख्यान सुरू होईपर्यंत घरीं निजणारे आणि पूर्वरंगास ‘पोरखेळ’ म्हणणारे तेच.

तरी जुन्या देवळापुढें, मानाच्या जत्रेंत, अजून संकासुर येतो. मुलें आईच्या पदराआड तोंड लपवितात व एका डोळ्यानें पाहतात. वेद ब्रह्मदेवाच्या हातीं जातात, आख्यान लागतें, कोंबडा आरवण्याच्या सुमारास हंडी फुटते, आणि दह्याचे थेंब पुढच्या रांगेंतील मंडळींच्या अंगावर उडतात. मग नट तोंडावरचा रंग पुसतात, पेटाऱ्यास नमस्कार करून तो बांधतात, आणि पुढच्या तिथीच्या गांवची वाट धरतात.