जोहार ते जय भीम : वाकलेल्या पाठीचा इतिहास

जातीला तोंड उघडावे लागत नाही. कोण खाटेवर बसला, कोण जमिनीवर, कोणी पायातले काढून हातात घेतले, एवढ्यावरून गावाची उतरंड कळते. जुन्नर-आंबेगावची गावेही याला अपवाद नव्हती.

‘जोहार मायबाप’ म्हणताना महार कमरेत वाकत असे. ही नम्रता त्याच्या रक्तातच होती, असे सांगणाऱ्यांना आम्ही विचारतो : मग तिला कायद्याचा टेकू कशाला लागला? महार वतनामागे 1874 चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा उभा होता. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात साऱ्या गावाची वेठ. पोट ज्याच्या हातात, त्याच्यापुढे पाठ वाकते. हे ओळखूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन संपवणारा कायदा मात्र 1958 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला.

याच जुन्नरच्या डोंगरांत दुसरी साक्ष आहे. मानमोडीच्या भूतलिंग लेण्याच्या दर्शनी कमानीत हात जोडलेले उपासक कोरले आहेत. ती कमान चंद नावाच्या यवनाचे दान, असे तिथला शिलालेख सांगतो. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीही जुन्नरच्या शिलालेखांत नोंदल्या आहेत. त्या काळी सारे समान होते, असा आमचा दावा नाही. पण परदेशी माणूस इथे दाता म्हणून नाव कोरतो आणि हाताने काम करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींवर ठेव सोपवली जाते. इथले जोडलेले हात वेठीचे नाहीत, श्रद्धेचे आहेत.

म्हणून आमचा विरोध वाकण्याला नाही, वाकवण्याला आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनीही बुद्धमूर्तीपुढे हात जोडून तीनदा वंदन केले. ते स्वेच्छेने होते.

कामठीच्या बाबू हरदास यांनी रुजवलेल्या ‘जय भीम’चे मोल इथे कळते. जोहाराला जोहाराने उत्तर मिळत नसे. एक वाकायचा, दुसरा नुसती मान हलवायचा. जय भीमला उत्तर जय भीमच. दोघांच्याही माना ताठ.

तरुण मित्रांनो, 1967 मध्ये संसदेच्या आवारात उभ्या राहिलेल्या पुतळ्यातले बाबासाहेब बोट पुढे करून उभे आहेत. त्या बोटाखाली फोटो काढणे सोपे आहे. गावच्या ग्रामसभेत मागे कोपऱ्यात उभे न राहता पुढच्या खुर्चीवर बसणे आणि हिशेब विचारणे अवघड आहे. पाठीचा इतिहास तिथे बदलतो.

जय भीम!