रंजकरेणूंची मांडणी : रसायनीच्या ॲनिलीनपासून एक मागोवा

खालापूर तालुक्यातील रसायनी या वसाहतीला नावच उद्योगाने दिले. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी जिच्यात येते त्या पाताळगंगेच्या काठी, १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने आपला कारखाना उभारला. नायट्रोबेंझीन, ॲनिलीन ही रंग व औषधांच्या कारखान्यांना लागणारी मध्यस्थ रसायने देशातच तयार व्हावीत, हा त्यामागील हेतू होय. स्थानिक इतिहासात या कारखान्याची नोंद बहुधा रोजगार व जमीन संपादन यांपुरतीच घेतली जाते. ॲनिलीनच्या रेणूलाही स्वतःचा इतिहास आहे.

१८५६ मध्ये पर्किनला अशुद्ध ॲनिलीनपासून जांभळा रंग मिळाला, हे सर्वज्ञात आहे. त्याहून महत्त्वाची, परंतु दुर्लक्षित घटना १८८० ची : स्क्राउपने ॲनिलीन व ग्लिसरीन यांपासून क्विनोलीन बनविले. याच क्विनोलीन कुळातील स्यूडोआयसोसायनाइन या रंजकाचे संहत द्रावण १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेली व जर्मनीत शाइबे यांनी स्वतंत्रपणे तपासले. रेणू तोच राहिला, मात्र ते एकमेकांवर सरकत रचले जाताच सुमारे ५७२ नॅनोमीटरवर शोषणाचा एक नवा, अत्यंत अरुंद पट्टा उमटला. रंग एकट्या रेणूचा नसून त्याच्या शेजाराचाही असतो, हे येथे स्पष्ट झाले.

पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते. त्याच आम्लाचे एकच रूप या रंजकात मिसळल्यास संपूर्ण रास एका बाजूस पीळ घेते, असे १९७० च्या दशकात आढळले. फोग्टलेने १९७८ मध्ये फांद्याफांद्यांचे रेणू बांधण्याची रीत दिली. पुढे फांद्यांच्या टोकांवर रंजक जोडून डावी वा उजवी मांडणी हेतुपूर्वक घडविता येऊ लागली. निसर्गात हे पूर्वीपासूनच आहे : १९९५ मध्ये उलगडलेल्या जांभळ्या जिवाणूच्या प्रकाशसंग्राहक प्रथिनात २७ हरितरंजके दोन वलयांत बसलेली दिसली.

रसायनीचा कारखाना मोडीत काढण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. रॉकेटच्या इंधनासाठी लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा भारतीय अवकाश संशोधन संस्थेकडे सोपविण्याचे ठरले. ॲनिलीन विभागाचे आराखडे, पाळीच्या नोंदवह्या व निवृत्त तंत्रज्ञांच्या मुलाखती यांचे संकलन कर्जत-खालापूरमधील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे. नोंदवह्यांपासूनच आरंभ करावा, कारण कागद रद्दीत जाण्यास फार काळ लागत नाही.