सुखना : फिरण्याच्या वाटेखालचे धरण

चंडीगडच्या सुखना तलावाकाठी पहाटे फिरायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल, की आपण एका मातीच्या धरणाच्या माथ्यावरून चालत आहोत. शिवालिक टेकड्यांतून उतरणाऱ्या सुखना चो या हंगामी ओढ्यावर १९५८ मध्ये भराव घालून हा तलाव निर्माण करण्यात आला. नगररचनाकार ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ही कल्पना. तलाव सिंचनासाठी नव्हता, विजेसाठीही नव्हता. नव्या राजधानीतील माणसाला निवांतपणा लाभावा, एवढाच त्याचा हेतू होता. धरणाच्या माथ्यावर वाहन नको आणि पाण्यात मोटारबोट नको, असे दोन दंडक कॉर्बुझिए यांनी घालून दिले. ते शांततेसाठी होते. परंतु जड वाहनांनी माथा दबत नाही आणि बोटींच्या लाटांनी काठ खचत नाही, हा भरावाचा लाभ त्यांतून अनायासे झाला.

ज्या धरणातून शेतीला पाणी मिळते, त्याकडे शेतकऱ्यांचे आणि पाटबंधारे खात्याचे लक्ष असते. आवर्तन चुकले की ओरड होते. केवळ विरंगुळ्यासाठी बांधलेल्या धरणाचे तसे नसते. तेथे लोक पाण्याकडे पाहतात, भरावाकडे नव्हे. सुखनाच्या साठाहून अधिक वर्षांच्या इतिहासात पातळी उतरली की शहर हळहळते, तलाव काठोकाठ भरला की आनंदते. मातीच्या धरणाची प्रकृती मात्र या आनंद-विषादाशी फारशी जुळत नाही.

पहिले संकट गाळाचे होते, आणि ते अनपेक्षित म्हणता येणार नाही. शिवालिक ही भूवैज्ञानिकदृष्ट्या कोवळी रांग आहे : वाळू, चिकणमाती आणि गोटे यांचे सैलसर थर. वनस्पतींचे आच्छादन गेले की एका जोरदार पावसात उतारावर घळी पडतात. पंजाबात या ओढ्यांनी शेती इतकी गिळली होती, की ब्रिटिश सरकारने १९०० मध्ये खास ‘चो’ हे नाव असलेला भूसंरक्षण कायदा केला. त्यानंतर ५८ वर्षांनी अशाच एका चोच्या वाटेत तलाव उभा राहिला आणि काही वर्षांतच झपाट्याने भरू लागला. पाण्याने नव्हे, मातीने. उपाय म्हणून पाणलोटातील सुमारे २५ चौरस किलोमीटर जमीन संपादित करून तेथे वृक्षलागवड करण्यात आली. गाळ कमी झाला, थांबला नाही.

१९७०च्या दशकात चंडीगडच्या केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातील पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी या गाळाचा माग काढत टेकड्यांत शिरले. ते पोहोचले सुखोमाजरी नावाच्या लहानशा गावात. उतार उघडे होते, कारण गावाची गुरे तेथे चरत होती. आणि गुरे तेथे चरत होती, कारण कोरडवाहू शेतीवर गावाचे पोट भरत नव्हते. संशोधकांनी घळींवर छोटे मातीचे बांध घातले, चर खणले, झाडे लावली. पण गुरे थांबेनात. शहरातील लोकांना नौकाविहार करता यावा म्हणून गावाने आपली चराई का सोडावी, या प्रश्नाला मृदशास्त्राच्या पुस्तकात उत्तर नव्हते.

उत्तर सापडले ते बांधात साठलेल्या पाण्यात. १९७६ मध्ये बांधलेल्या पहिल्या छोट्या धरणाचे पाणी शेताला दिले तर पीक वाचते, हे गावाला कळले आणि संशोधकांनाही. मग करार झाला : पाणी तुम्ही घ्या, डोंगर तुम्ही राखा. पाण्यात भूमिहीन कुटुंबांनाही समान वाटा ठेवण्यात आला. त्यामुळे ज्याच्याकडे जमीन नाही, त्यालाही उतारावर गुरे न सोडण्याचे कारण मिळाले. काटेरी तारांवाचून उभे राहिलेले हे ‘सामाजिक कुंपण’ पुढे देशभरातील पाणलोट विकासाच्या चर्चेत वारंवार उद्धृत झाले. दोरखंड आणि कागद यांसाठी उपयोगी पडणारे भाबड गवत टेकड्यांवर परतले. भारतातील मृदसंधारणाच्या इतिहासात इतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडते, आणि त्याचा उगम एका सहलीच्या तलावात आहे, हे विशेष.

गाळाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा का नव्हे, हे एका साध्या गणिताने उमगते. सुखनाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ४२ चौरस किलोमीटर आहे. तेथे ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून आले असे मानले, तर ६३ लाख घनमीटर पाणी तलावाकडे येईल. पाण्याचा पसारा ३ चौरस किलोमीटर असेल आणि दरवाजे बंद असतील, तर पातळी सुमारे २.१ मीटर चढेल. गाळाने पसारा निम्मा केला, तर तीच वाढ ४.२ मीटर होईल. प्रत्यक्षात दरवाजे उघडले जातात आणि काठही सरळ उभे नसतात, त्यामुळे हे आकडे ढोबळच आहेत. तरीही अर्थ स्पष्ट आहे : गाळ साचलेल्या तलावात पूर पचवण्याची जागा कमी उरते आणि दरवाजे चालवणाऱ्याच्या हातात कमी तास उरतात. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेले तरी ते काही काळ तग धरू शकते. मातीच्या भरावाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, की ते पलीकडचा उतार खरवडत मागे सरकते आणि काही तासांत खिंडार पाडू शकते. १९७९ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत मच्छू-२ धरणाचे मातीचे बाजूचे भराव असेच पुरात वाहून गेले आणि मोरबी शहर बुडाले.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक मातीच्या धरणातून पाणी थोडेफार पाझरतेच; प्रश्न एवढाच, की ते स्वतःबरोबर मातीचे कण नेते का. वर येणाऱ्या पाझराचा दाब-उतार एकच्या आसपास पोहोचला, की वाळूच्या कणांचे पाण्यातील वजन आणि पाण्याचा रेटा समसमान होतात आणि माती जणू तरंगू लागते. कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात हा हिशेब मांडला. पुढे कण निसटतात आणि भरावात आतल्या आत नळी कोरली जाते. जुन्या धरणात कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, उंदीर-घुशींची बिळे आणि चिकणमाती वाळल्यावर पडणाऱ्या भेगा अशा नळीला वाट करून देतात. २०१० नंतरच्या दशकात काही उन्हाळ्यांत सुखनाचा तळ उघडा पडला, तेव्हा हळहळ नौकांविषयी व्यक्त झाली. दीर्घकाळ कोरडा राहिलेला भराव एका पावसात झपाट्याने भरणे ही अभियंत्यांच्या दृष्टीने अधिक चिंतेची बाब असते.

करमणुकीसाठी राखलेल्या धरणाची सर्वांत कटू कथा अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाची आहे. कालव्यासाठी बांधलेले साउथ फोर्कचे मातीचे धरण १८७९ मध्ये श्रीमंतांच्या एका मासेमारी-शिकार क्लबच्या मालकीचे झाले. तोपर्यंत तळाचे विसर्ग-नळ काढले गेले होते. क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा काही फूट खाली आणला गेला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या गेल्या. प्रत्येक फेरफार एकेकटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसे मरण पावली.

सुखनाची स्थिती इतकी बेफिकीर नाही. येथे दरवाजे आहेत आणि १,१६३ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. तथापि दहा वर्षांच्या खंडानंतर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ते दरवाजे उघडले गेले, तेव्हा ‘तलाव भरला’ हीच बातमी अधिक गाजली. ऑगस्ट २०२० मध्ये सोडलेले पाणी खालच्या बलटाणा वस्तीत शिरले. घग्गरला मिळण्यापूर्वी चो ज्या भागातून वाहतो, तेथे तलाव बांधला गेला त्या काळी एवढी दाट वस्ती नव्हती. धरण जागचे हललेले नाही, त्याच्यामुळे संभवणारे नुकसान मात्र वाढले आहे. जुलै २०२३ मध्ये चंडीगडात २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि वर मांडलेले गणित कागदापुरते राहिले नाही.

मार्च २०२० मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुखनाला सजीव व्यक्तीप्रमाणे कायदेशीर अस्तित्व बहाल केले. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेचा धरण सुरक्षा कायदा आला. १५ मीटरहून उंच धरणे, तसेच १० ते १५ मीटर उंचीची परंतु लांबी, साठा, विसर्ग किंवा पाया यांबाबतच्या ठरावीक अटींपैकी एखादी पूर्ण करणारी धरणे त्याच्या कक्षेत येतात. त्यांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. त्याहून बुटके बांध या चौकटीबाहेर राहतात. शिवालिकच्या घळींत गाळ अडवण्यासाठी बांधलेले छोटे मातीचे बांध बहुतांशी त्यांतच मोडतात, आणि त्यांचे वयही आता पन्नाशीकडे झुकले आहे.