टाके कोणी घातले?

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, पण सुई, दोरा आणि कात्री आपल्या ओळखीची आहे. विज्ञानकथांचं वेड असलेली माणसं स्वतःच्या हातांनी पोशाख शिवतात आणि ते घालून मेळाव्याला जातात. हा छंद कसा सुरू झाला आणि त्यात बायकांचा हात किती होता, हे आज आपण बघू या.

विज्ञानकथा म्हणजे उद्याच्या जगाची गोष्ट. माणूस मंगळावर गेला तर काय होईल, परग्रहावरचा पाहुणा आपल्या दारात आला तर काय होईल, अशा कल्पनेवर ती रचलेली असते. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी अशा कथा मराठीत लिहिल्या.

अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात एक चित्रमालिका येत असे. तिच्यातले मिस्टर स्कायगॅक मंगळावरून पृथ्वीवर आलेले. १९०८ साली सिनसिनाटी शहरात विल्यम फेल नावाचे गृहस्थ सोंगांच्या कार्यक्रमाला या स्कायगॅकचा वेश करून गेले. बरोबर त्यांची पत्नीही वेश करून होती. नोंदीत तिचा उल्लेख फक्त ‘मिसेस फेल’ असा आहे. पुढे १९१० साली टॅकोमा शहरात एका बाईने याच स्कायगॅकच्या वेशात पहिलं बक्षीस मिळवलं. बक्षीस नोंदलं गेलं, बाईचं नाव नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता येऊ १९३९ सालावर. तोवर विज्ञानकथांची स्वस्त मासिकं घरोघर वाचली जात होती. वाचक एकमेकांना पत्रं लिहीत, गावोगावी मंडळं काढत. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. साधारण दोनशे माणसं जमली. बहुतेक पुरुष, कोट-टाय घातलेले. त्यांत दोघंजण मात्र उद्याच्या जगातून आल्यासारखे दिसत होते. खांद्यावरून मागे सोडलेली हिरवी केप आणि चुण्यांची विजार. एक होता फॉरेस्ट अ‍ॅकरमन, बावीस वर्षांचा तरुण. दुसरी होती मर्टल डग्लस, वय पस्तीस. दोघंही लॉस एंजेलिसहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून आलेले.

ही मर्टल मोठी हुशार बाई. जगातल्या सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून तयार केलेली एस्पेरांतो नावाची भाषा तिला येत होती. त्या भाषेतल्या आद्याक्षरांवरून तिने ‘मोरोजो’ हे टोपणनाव घेतलं. अ‍ॅकरमनबरोबर ती विज्ञानकथाप्रेमींसाठी पत्रिकाही काढत असे. दोघांचे ते पोशाख तिनेच शिवले होते. नमुना होता एका मासिकातल्या चित्रांचा आणि १९३६ सालच्या एका विज्ञानपटाचा. चित्र बघून कापड बेतायचं, बाह्या कुठे, चुण्या किती, हे अंदाजाने ठरवायचं. ज्यांनी शिवणयंत्र चालवलंय त्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

पण पुढे काय झालं? असा वेश करणारा पहिला माणूस म्हणून कितीतरी वर्षं नाव घेतलं गेलं अ‍ॅकरमनचं. घालणारा लक्षात राहिला, शिवणारी मागे पडली. १९६४ साली ती वारली. या छंदाची सुरुवात करणारी म्हणून तिचं नाव मानाने घेतलं जाऊ लागलं, ते बऱ्याच उशिराने.

१९४० साली शिकागोच्या संमेलनात वेशभूषेची स्पर्धा झाली. डेव्हिड काइल नावाच्या तरुणाला पहिलं बक्षीस मिळालं. चित्रमालिकेतल्या मिंग नावाच्या दुष्ट बादशहाचा वेश त्याने केला होता. तो वेश तयार केला होता लेस्ली पेरी या बाईने. १९४१ साली डेन्व्हरच्या संमेलनात मर्टलने बेडकाच्या तोंडाचा मुखवटा घातला. तो बनवणारा मुलगा होता रे हॅरीहाउसेन. पुढे सिनेमातले राक्षस बनवून तो जगप्रसिद्ध झाला, म्हणून त्या मुखवट्याची गोष्ट निघाली की त्याचं नाव हटकून निघतं.

पुढे हा छंद वाढला. पोशाख फक्त कापडाचे राहिले नाहीत. पुठ्ठा, रबर, पत्रा, जे मिळेल ते वापरात आलं. १९७२ साली तर एक गडी अंगाला शेंगदाण्याचं लोणी फासून रंगमंचावर आला! दिव्यांच्या उष्णतेने ते पातळ झालं आणि आजूबाजूच्यांच्या महागड्या पोशाखांना लागलं. तेव्हापासून शेंगदाण्याचं लोणी लावून यायचं नाही, असा नियमच झाला.

पण आम्हाला सगळ्यात आवडली ती या स्पर्धांची दुसरी एक पद्धत. नवशिके, मधले आणि मुरलेले असे गट करतात, म्हणजे पहिल्यांदा सुई धरणारीची तुलना वीस वर्षं शिवणारीशी होत नाही. शिवाय कारागिरीचे परीक्षक वेगळे असतात. ते रंगमंचामागे पोशाख जवळून बघतात, उलटा करून अस्तर बघतात, शिवण ओढून बघतात. कोणतं काम हाताने केलं आणि काय विकत आणलं, तेही विचारतात. पोशाख कोणी घातला आणि कोणी बनवला, ही दोन्ही नावं पुकारली जातात.

१९८०च्या दशकात जपानच्या नोबुयुकी ताकाहाशी या पत्रकाराने या छंदासाठी ‘कॉस्प्ले’ हा शब्द रूढ केला. पोशाख आणि खेळ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून तो बनला. आता आपल्या मुंबईतही कॉमिक कॉन भरते आणि तिथे मुलंमुली असे वेश करून येतात.

मैत्रिणींनो, मंगळाच्या पोशाखाशी आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. आम्हाला वाटतं, संबंध आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराज झालेल्या मुलाला टाळ्या मिळतात, अंगरखा रात्र जागून शिवणारीला कोण विचारतं? बचत गटाच्या स्टॉलवर गोधडी विकली जाते, चिठ्ठीवर किंमत असते, गटाचं नाव असतं. टाके घालणारीचं नाव नसतं. शिलाई घरात बसून होते, म्हणून तिला काम म्हणायचं नाही, ही जुनी खोड आहे. मर्टलचं नाव मागे पडलं, त्यामागेही हीच खोड असणार.

म्हणून आमचं एवढंच सुचवणं आहे. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर करणारीचं नाव लिहा. पूर्ण नाव, ‘अमक्याची बायको’ नको. किती दिवस लागले तेही लिहा. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं, तर ती चिठ्ठी त्याच्यापुढे धरता येईल. गटाच्या वहीतही ही नोंद ठेवा, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसावं लागणार नाही.

तुमच्या गटाने हे करून बघितलं, तर काय झालं ते आम्हाला नक्की कळवा.