गीक आणि नर्ड : अवहेलनेच्या दोन संज्ञांचा इतिहास

‘गीक’ आणि ‘नर्ड’ हे अमेरिकन इंग्रजीतील दोन शब्द आज सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. संगणकात बुडालेला, चारचौघांत अवघडणारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा बुद्धिमान तरुण अशी एक ढोबळ प्रतिमा दोहोंमागे उभी असते. ज्यांना फरक करावासा वाटतो ते बहुधा एवढेच सांगतात, की गीकला एखाद्या विषयाचे वेड असते आणि नर्डला अभ्यासाचे. हे म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या दोन शब्दांच्या आजच्या अर्थच्छटा कितीही तोलल्या तरी त्यांच्यातला भेद पुरता हाती लागत नाही. त्यासाठी त्यांच्या वंशावळीकडेच जावे लागते. एक शब्द जत्रेतून आलेला आहे, दुसरा शाळेतून.

‘गीक’चे मूळ उत्तर जर्मन बोलींतील ‘गेक’ या शब्दापाशी पोचते. त्याचा अर्थ खुळा. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये फसवणूक उघडकीला आल्यावर माल्व्होलिओ हाच शब्द स्वतःसाठी वापरतो, आणि ‘सिंबेलिन’मध्येही तो आढळतो. म्हणजे आरंभापासून या शब्दात हसणारे लोक आणि हसे झालेला माणूस असे दोन पक्ष गृहीत आहेत. (मराठीत ‘खुळा’ हाच शब्द ‘नादखुळा’ या कोल्हापुरी रूपात उघड कौतुकाचा झाला आहे, ही गोष्ट येथे सहज आठवते, गीकने पुढे केलेला प्रवास मराठी वाचकाला तितकासा परका वाटू नये.) विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत मात्र हा शब्द एका विशिष्ट कामाला चिकटला. गावोगाव फिरणाऱ्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडून दाखवणाऱ्या ‘रानटी माणसा’ला गीक म्हणत. जत्रेच्या उतरंडीत त्याच्या खाली कोणी नसे.

या गीकची वाङ्मयीन नोंद विल्यम लिंडसे ग्रेशम याने ‘नाइटमेअर अॅली’ (1946) या कादंबरीत केली. ग्रेशम स्पेनच्या यादवी युद्धात स्वयंसेवक म्हणून गेला होता. तेथे एका सहकाऱ्याकडून त्याने जत्रेतल्या गीकची हकिगत ऐकली आणि ती त्याच्या मनातून गेली नाही. कादंबरीच्या आरंभी स्टॅन कार्लाइल हा तरुण गीकचा खेळ पाहतो आणि असा माणूस मिळतो तरी कोठून, असे मालकाला विचारतो. मालकाचे उत्तर थंडपणे व्यावहारिक आहे. गीक मिळत नसतो, तो घडवावा लागतो. एखादा अट्टल दारुडा हेरायचा. खरा गीक मिळेपर्यंत तात्पुरते काम आहे, म्हणून त्याला ठेवून घ्यायचे. हातात लपवलेल्या पात्याने कोंबडी कापून रक्त पिण्याचे नाटक करायला सांगायचे. बदल्यात रोजची बाटली. आठवड्याभराने त्याला सांगायचे, की हे नाटक चालणार नाही, आता खरा माणूस आणतो. दारू तुटण्याच्या भयाने तो स्वतःच दातांचा वापर करतो. कादंबरीच्या शेवटी, सगळे गमावून बसलेल्या स्टॅनपुढे एक जत्रावाला नेमका हाच तात्पुरत्या कामाचा प्रस्ताव ठेवतो.

ग्रेशमच्या कादंबरीकडे सामान्यतः गुन्हेगारी कथेच्या परंपरेतील एक कृती म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. गीक हा येथे स्वभाव नाही. तो रोजगार आहे. माणसाची गरज ओळखून, त्या गरजेलाच वेतनाचे रूप देऊन, त्याची विटंबना त्याच्याच हातून घडवून आणणारी ती एक व्यवस्था आहे. कॅथरीन डन हिच्या ‘गीक लव्ह’ (1989) या कादंबरीतही हा जुनाच अर्थ जिवंत आहे. तिच्यातील आई, बॉस्टनच्या घरंदाज कुटुंबातली मुलगी, तरुणपणी जत्रेत गीकचे काम करते. पुढे ती आणि तिचा नवरा औषधे आणि किरणोत्सारी द्रव्ये वापरून मुद्दाम व्यंग असलेली मुले जन्माला घालतात, कारण जत्रा चालायला हवी. ‘गीक’ हा शब्द संगणकाशी जोडला जात असतानाच ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शीर्षकामुळे तिच्याकडे वळलेल्या पुढच्या पिढीतल्या काही वाचकांना आत कोंबड्या भेटाव्यात, हा वाङ्मयेतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल.

‘नर्ड’ला एवढी मोठी पूर्वपीठिका नाही. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. स्यूस यांच्या ‘इफ आय रॅन द झू’ या बालपुस्तकात एका काल्पनिक, चिडक्या चेहऱ्याच्या प्राण्याला हे नाव मिळाले. 8 ऑक्टोबर 1951 च्या ‘न्यूजवीक’ साप्ताहिकात डेट्रॉइटमधील तरुणांच्या बोलीची जी नोंद आली, तिच्यात नीरस, जुनाट माणसासाठी हा शब्द रूढ असल्याचे म्हटले आहे. या दोन नोंदींना जोडणारा निश्चित दुवा कोशकारांना सापडलेला नाही, आणि तो सापडला नाही म्हणून फारसे बिघडतही नाही. लक्षणीय आहे ते एवढेच, की पहिल्या नोंदीपासून नर्ड हा समवयस्कांनी समवयस्काला लावलेला शब्द आहे. येथे मालक नाही, तिकीट नाही, खेळही नाही. आहे तो वर्ग, मधली सुट्टी आणि कोणाला आपल्यात घ्यायचे याचा निवाडा. 1957 मध्ये स्पुटनिक आकाशात गेल्यावर अमेरिकन शासनाने पुढच्याच वर्षी कायदा करून विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणाकडे पैसा वळवला. राष्ट्राला हव्या असलेल्या मुलाची शाळेत मात्र टवाळीच होत राहिली. रिचर्ड हॉफस्टॅटर यांनी 1963 साली अमेरिकन जीवनातील बुद्धिविरोधाचा जो इतिहास लिहिला, त्याची ही शालेय आवृत्ती म्हणता येईल. ‘हॅपी डेज’ (1974–84) या दूरदर्शन मालिकेने पन्नाशीच्या दशकाची स्मरणरंजक पुनर्रचना करताना हा शब्द घराघरांत नेला.

मराठी परंपरेत याला समांतर काही शोधायचे तर ‘दासबोधा’तील पढतमूर्ख आठवेल. दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांनी आरंभ करून रामदास दहाव्या समासात पढतमूर्खापाशी येतात. परंतु साम्य येथेच संपते. पढतमूर्खावरचा आरोप नैतिक आहे: त्याचे ज्ञान आचरणात उतरलेले नाही. नर्डवर असा कोणताही आरोप नसतो. त्याचे ज्ञान खरे आहे, वर्तनही निरुपद्रवी आहे. खटकतात ते त्याचे कपडे, चालणे, बोलण्याची लकब. पढतमूर्खाला सुधारण्याची वाट मोकळी आहे. नर्डने काय सुधारावे, हे त्याला हिणवणाऱ्यांनाही सांगता येणार नाही.

या दोन धारा एकत्र आल्या त्या ऐंशीच्या दशकात. 1984 या एकाच वर्षी स्टीव्हन लेव्ही यांचे ‘हॅकर्स’ हे पुस्तक आणि ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’ हा चित्रपट आला. लेव्ही यांनी एमआयटीतील आगगाडीच्या प्रतिकृतींच्या क्लबपासून घरगुती संगणकापर्यंतचा इतिहास एका नीतिविचाराचा इतिहास म्हणून मांडला. चित्रपटाने तोच विजय महाविद्यालयीन प्रहसनाच्या पातळीवर आणला. 1996 मध्ये संगणक-उद्योगाच्या उदयावरील दूरदर्शन-माहितीपटाला ‘ट्रायम्फ ऑफ द नर्ड्स’ असे नाव देताना कोणाला संकोच वाटला नाही. शिवी बिरुद झाली होती.

हे परिवर्तन अवहेलितांनी केलेला प्रतिकार म्हणून वाचण्याची प्रथा आहे. ती तपासून घ्यायला हवी. ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’मधील नायक मुखवटा चढवून, प्रतिस्पर्ध्याच्या प्रेयसीला तो तिचा प्रियकरच आहे असे भासवून तिच्याशी संग करतो, आणि चित्रपट हा विजयाचा क्षण म्हणून रंगवतो, यात बलात्कार आहे हे जाहीरपणे म्हटले जायला पुढे बराच काळ जावा लागला. या नर्डांना आश्रय मिळतो तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाचा. शेवटच्या प्रसंगात गोऱ्या नायकाला भाषण करता यावे म्हणून कृष्णवर्णीय तरुण त्याच्याभोवती संरक्षणाला उभे राहतात, आणि जपानी विद्यार्थी मात्र संपूर्ण चित्रपटभर केवळ उच्चारांच्या विनोदापुरता उरतो. अवहेलनेच्या मुक्तीची भाषा जेथून उसनी घेतली, त्यांनाच पडद्याच्या कडेला उभे केले आहे.

गीकच्या बाजूनेही असाच एक लोप घडला. संगणक-उद्योगाने हा शब्द उचलला तेव्हा त्यातले ‘वेड’ घेतले आणि श्रम वगळले. त्याला अपवाद डग्लस कूपलंडची ‘मायक्रोसर्फ्स’ (1995) ही कादंबरी. ‘सर्फ’ म्हणजे भूदास. शीर्षकातच कंपनीच्या आवारातील हुशार, उत्साही तरुणांचे वेठबिगारांशी नाते जोडले आहे. कादंबरी स्वभावाने हलकीफुलकी आहे, आणि तिच्यातील माणसे सुखवस्तू आहेत. तरीही माणसाला ज्याची तहान आहे तेच त्याला मोबदला म्हणून पाजायचे, हे ग्रेशमच्या मालकाचे तंत्र तिच्या पार्श्वभूमीवर पुन्हा दिसू लागते. ही तुलना ताणू नये. जत्रेतल्या गीकला कंपनीचे समभाग मिळत नव्हते.

नर्डविषयीचा सर्वांत मूलगामी विचार समीक्षेतून आला नाही, तो भाषाविज्ञानातून आला. मेरी बुकोल्ट्झ यांनी उत्तर कॅलिफोर्नियातील एका हायस्कूलमधील मुलींच्या गटाचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. या मुलींनी नर्डपण स्वतः पत्करले होते: बोलीतले चलनी शब्द टाळायचे, उच्चार नेमके करायचे, प्रमाणभाषेपेक्षाही अधिक प्रमाण बोलायचे. 2001 च्या लेखात बुकोल्ट्झ यांनी त्यातला वर्णाचा प्रश्न उघड केला. अमेरिकन शाळेत ‘छान दिसण्या’ची भाषा आफ्रिकन-अमेरिकन बोलीतून उसनी घेतलेली असते. गोरी लोकप्रिय मुले ती उसनवारी करतात. नर्ड ती नाकारतो, म्हणून तो ‘अति गोरा’ ठरतो. हे मान्य केले तर कृष्णवर्णीय नर्ड हा जवळजवळ वदतोव्याघात ठरतो, आणि ‘फॅमिली मॅटर्स’ (1989–98) या मालिकेतील अर्कल या पात्राला अर्कचित्र होण्यावाचून गत्यंतर का नव्हते, हेही उमगते.

आशियाई स्थलांतरितांच्या मुलांबाबत कोंडी उलटी आहे. 1965 च्या कायद्यानंतर भारतातून अमेरिकेत गेलेल्यांत डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने होते, मराठी कुटुंबेही त्यांत होती. त्यांच्या मुलांना नर्डपण निवडावे लागले नाही. ते चेहऱ्याबरोबरच मिळाले. राष्ट्रीय शब्दलेखन स्पर्धेत भारतीय वंशाचा पहिला विजेता 1985 साली झाला, आणि 2019 च्या आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते. घरी ज्याला शिस्त म्हणत, त्याला शाळेत दुसरे नाव होते. बुकोल्ट्झ यांच्या मुलींना जी भाषा बंडाची वाटली, तीच या मुलांच्या बाबतीत आज्ञाधारकपणाचा पुरावा मानली गेली.

हुनो दियाझ यांच्या ‘द ब्रीफ वंड्रस लाइफ ऑफ ऑस्कर वाव’ (2007) या कादंबरीत हा ताण कथनाच्या घडणीतच आहे. न्यू जर्सीतला, डोमिनिकन वंशाचा, लठ्ठ ऑस्कर विज्ञानकथांत बुडालेला आहे आणि पुस्तकी, भारदस्त इंग्रजी बोलतो; त्याच्या समाजातील पुरुषत्वाच्या कल्पनेत त्याला जागा नाही. पण कादंबरीचा निवेदक युनिओर हा स्त्रियांत रमणारा, रस्त्यावरची भाषा बोलणारा तरुण आहे, आणि तरीही त्रुहिओच्या हुकूमशाहीचे वर्णन करताना त्याला उपमा सुचतात त्या टॉल्किनच्या आणि कॉमिक्सच्या. ऑस्करला जे लपवता आले नाही ते युनिओरने आयुष्यभर लपवले, आणि ते त्याच्या उपमांतून बाहेर पडते.

2021 साली या दोन्ही शब्दांच्या मूळ संहिता योगायोगाने पुन्हा प्रकाशात आल्या. गिएर्मो देल तोरो यांनी ‘नाइटमेअर अॅली’वर चित्रपट केला, 1947 च्या चित्रपटाने अखेरीस दिलेला दिलासा त्यांनी काढून टाकला. त्याच वर्षी मार्चमध्ये डॉ. स्यूस यांच्या वारसा-संस्थेने सहा पुस्तकांचे पुनर्मुद्रण वांशिक चित्रणामुळे थांबवल्याचे जाहीर केले. ‘इफ आय रॅन द झू’ त्यांपैकी एक आहे. नर्ड नावाचा प्राणी ज्या पुस्तकात पहिल्यांदा अवतरला, त्याच पुस्तकात तिरप्या डोळ्यांची आशियाई माणसे डोक्यावर पिंजरा वाहून नेत आहेत, आणि पिंजऱ्यावर एक गोरा मुलगा उभा आहे.